बुडाशी असलेलं पान

मागच्या जुलैत भीमाशंकरच्या रानात पायवाटेलगत वीतभर उंचीची पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. चिखलात गुडघे टेकून फुलाचे चाळीस फोटो काढले. पानाचा एकही नाही. पुण्यात आल्यावर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना दाखवले, तर पहिलाच प्रश्न, "अरे, पान कुठंय?" सह्याद्रीत पांढऱ्या हॅबेनारिया, म्हणजे जमिनीवर उगवणाऱ्या अशा आमरी, कितीतरी. एकीला जमिनीला चिकटलेलं एकच गोलसर पान, दुसरीला दांड्यावर लांबट पानं. माझ्या आमरीचं पान बहुधा माझ्याच बुटाखाली होतं.

तर रानफुलाची ओळख पटेल असे फोटो काढायला निघताना फोन चार्ज, प्लॅस्टिकची पिशवी, जळवांसाठी लांब मोजे हे सांगायला नको. सहा इंची पट्टी घ्या, नसेल तर मापाला एक नाणं. आणि पान. विसरू नका.

फूल आधी समोरून, मग कडेनं. अशा आमरीच्या आणि तेरड्याच्या फुलाला बहुधा मागे शेपटीसारखी नळी असते, ती समोरून नीट दिसत नाही. कधी आखूड, कधी बोटापेक्षा लांब, आणि पुष्कळदा ओळख तिच्यावरच अडते. दांडा चिमटीत फिरवून बघा; चौकोनी लागला तर तुळशीच्या कुळापासून शोधायला सुरुवात करा.

आता पान. फुलाजवळचं वेगळं असतं, बुडाशी असलेलं वेगळं, दोन्ही हवीत. समोरासमोर आहेत की एकाआड एक, वरची बाजू, उलटी बाजू, लव, कडा, टोक. टोकसुद्धा, हो. कळलावीला फूल नसलं तरी पानाच्या आकड्यासारख्या वळलेल्या टोकावरून ती कळते. (ती विषारी आहे, म्हणून अनोळखी झाडाची चव बघायची हौस घरी ठेवा.) बुडाशी पान दिसलं नाही तर पाचोळा हलक्या हातानं सारा. "पानच नाही" असं ठरवण्याआधी स्वतःचे पाय उचलून बघा.

उपटायचं नाही. आमरीचा कंद गेला की पुढच्या पावसात तिथं नुसती माती.

तारीख, जागा, सावली की उघडा कातळ, लगेच लिहा. झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपनं दिलेलं नाव अंदाज म्हणून धरा. बाकीचं घरी बघता येईल.

उठण्याआधी गॅलरी उघडा. पान आहे? बुडाशी असलेलं? उलट्या बाजूनं? मग चला.