पाचव्या मजल्यावरचा प्रोजेक्टर तळमजल्यावरून कसा सांभाळायचा

दादरच्या एका कॉलेजात मी एव्ही (प्रोजेक्टर, माइक, स्पीकर) आणि नेटवर्क बघतो. इमारत जुनी, पाच मजली. लिफ्ट आहे, पण ती चालू असली की आपल्यालाच नवल वाटतं. ‘सर, प्रोजेक्टर लागत नाहीये’ असा फोन आला की धापा टाकत वर जायचं, आणि वर गेल्यावर दिसतं की कोणीतरी इनपुट बदलून ठेवलाय. नेटवर्कवर घेतलेला प्रोजेक्टर ही पायपीट वाचवतो. खालून बटण दाबता येतं याचं लोकांना भारी कौतुक. मला विचाराल तर त्याहून कामाची गोष्ट म्हणजे सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी आपल्याला कळतं, कुठल्या खोलीत काय बिघडलंय ते. पुढे जे लिहितोय ते याच हिशेबाने.

आधी प्रोजेक्टरची पाठ बघा. लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या केबलचं सॉकेट हवं आणि मेनूत ‘पीजेलिंक’ हा शब्द हवा. जपानमधल्या ऑफिस-यंत्र कंपन्यांच्या जेबीएमआयए या संघटनेने ठरवलेली ही प्रोजेक्टरशी बोलायची सामाईक भाषा. एप्सन, पॅनासॉनिक, सोनी, एनईसी अशा बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या लॅनवाल्या मॉडेल्सना ती येते. फक्त वाय-फायवरून मोबाइलचा स्क्रीन दाखवणारे घरगुती प्रोजेक्टर या कामाचे नाहीत.

सॉकेटच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. महागड्या मॉडेलवर दिसायला अगदी सारखी दोन सॉकेट असतात: एक लॅनचं, दुसरं एचडीबेसटीचं. दोन्हींत तीच केबल टच्चकन बसते. पण एचडीबेसटी हे केबलवरून चित्र पाठवण्यासाठी असतं. त्यात स्विचकडून (नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात त्या डब्याकडून) आलेली वायर खुपसली तर काहीच होणार नाही आणि तुम्ही दुपारभर नेटवर्कला शिव्या घालत बसाल. सॉकेटवरचं नाव टॉर्च मारून वाचा. केबल कॅट-६ घ्या आणि स्विचपासून १०० मीटरच्या आत ठेवा. सभागृहाच्या प्रोजेक्शन बूथपर्यंत वळसे घेत गेलेली वायर वाटते त्यापेक्षा लांब भरते. लॅमिंग्टन रोडला केबल घेणार असाल तर तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबलही तिथे त्याच काउंटरवर मिळते, आणि दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

स्टँडबाय

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. प्रोजेक्टर चालू असताना नेटवर्कवर दिसतो, बंद केला की गायब, आणि मग लांबून चालू करायचा कसा? कारण असं की कारखान्यातून येताना बऱ्याचदा वीज वाचवणारा स्टँडबाय निवडलेला असतो आणि त्यात लॅनचं कार्डही झोपतं. एप्सनच्या मेनूत ‘स्टँडबाय मोड’मध्ये ‘कम्युनिकेशन ऑन’ करा. पॅनासॉनिकमध्ये ‘इको’ऐवजी ‘नॉर्मल’, सोनीत ‘लो’ऐवजी ‘स्टँडर्ड’. मॉडेलनुसार शब्द थोडे बदलतील, पण शोधायचं हेच. वीज किंचित जास्त जाते. अकाउंट्सवाल्यांनी विचारलं तर रात्रभर चालू राहिलेल्या एका दिव्याची किंमत सांगा.

मेनू झाला की भिंतीवरचं बटण. आमचे शिपाईमामा संध्याकाळी फेरी मारताना पंखे, दिवे, प्रोजेक्टर सरसकट बंद करतात. यात त्यांचा काही दोष नाही, वर्षानुवर्षं त्यांना तेच सांगितलंय. पण भिंतीवरून वीजच तोडली तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तो प्रोजेक्टर उठवू शकत नाही. शिवाय दिव्याच्या जुन्या प्रोजेक्टरला बंद झाल्यावर पंखा फिरवून गार व्हायला वेळ लागतो. मध्येच वीज गेली तर दिव्याचं आयुष्य घटतं. त्या बटणावर लाल टेप लावा आणि मामांना चहा पाजून एकदा नीट समजावा. नोटीस काढून हे काम होत नाही.

पत्ता आणि वही

प्रत्येक प्रोजेक्टरला कायमचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता द्या. प्रोजेक्टरच्या मेनूत हाताने घाला किंवा राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवर (कारखान्यातून आलेल्या लॅनच्या ओळख-क्रमांकावर) राखून ठेवा. मी दुसरं करतो, म्हणजे मशीन बदललं तरी सगळं एका जागेवरून आवरतं. आकड्यांना खोलीचा अर्थ लावा: चौथ्या मजल्यावरची सहावी खोली असेल तर शेवटचा आकडा ४६. फोन आला की खोली नंबर ऐकतानाच पत्ता डोक्यात तयार असतो. एक्सेलमध्ये खोली, मॉडेल, आयपी, मॅक, दिव्याचे तास आणि फिल्टर साफ केल्याची तारीख इतके रकाने पुरतात. प्रोजेक्टरसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच वायरींवरचं स्वतंत्र नेटवर्क) करता आलं तर जरूर करा. विद्यार्थ्यांच्या वाय-फायवरून प्रोजेक्टर दिसत असला, तर मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या पीजेलिंक अ‍ॅपने कोणीतरी चालू तासाला पडदा काळा करणारच.

आता तुमच्या कॉम्प्युटरवरून पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघा. उत्तर आलं की ब्राउझरमध्ये तोच आयपी टाका. बहुतेक प्रोजेक्टर स्वतःचं एक वेबपान दाखवतात. तिथे जाऊन पहिलं काम, पासवर्ड बदला. कंपनीचा मूळ पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, म्हणजे तो सगळ्यांनाच ठाऊक.

प्रोजेक्टरशी थेट बोलणं

सगळे प्रोजेक्टर एकाच कंपनीचे असतील तर तिचंच सॉफ्टवेअर घ्या. एप्सनचं ‘एप्सन प्रोजेक्टर मॅनेजमेंट’, पॅनासॉनिकचं ‘मल्टी मॉनिटरिंग अँड कंट्रोल’, एनईसीचं ‘नॅव्हीसेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. यादी, रंगीत चिन्हं, बिघाड झाला की ईमेल, सगळं तयार मिळतं. आमच्याकडे दरवर्षीच्या टेंडरला जो स्वस्त तो आला, त्यामुळे खिचडी आहे. अशा ठिकाणी पीजेलिंक शिकलेलं बरं, आणि ते अवघड नाही.

पुट्टी (नेटवर्कवरच्या मशीनशी टाइप करून बोलायचा फुकट प्रोग्राम) उघडा, ‘रॉ’ निवडा, प्रोजेक्टरचा आयपी आणि पोर्ट ४३५२. चाचणीपुरता पीजेलिंकचा पासवर्ड बंद ठेवा. जोडणी झाली की समोरून ‘पीजेलिंक ०’ असं येतं, म्हणजे दार उघडं आहे. पासवर्ड असेल तर ० च्या जागी १ आणि पुढे आठ अक्षरांचा एक बदलता आकडा येतो. तो आकडा आणि पासवर्ड जोडून त्याचा एमडी५ (ज्यावरून मूळ पासवर्ड दिसत नाही असा सांकेतिक ठसा) काढायचा आणि पहिल्या आज्ञेच्या आधी चिकटवायचा. हे हाताने करू नका, स्क्रिप्टवर सोपवा.

पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. ‘%१पीओडब्ल्यूआर ?’ म्हणजे ‘चालू आहेस का?’ उत्तर ० आलं तर स्टँडबाय, १ चालू, २ गार होतोय, ३ तापतोय. प्रश्नचिन्हाच्या जागी १ टाकलं तर चालू होतो, ० टाकलं तर बंद. गार होत असताना चालू करायला गेलात तर ‘ईआरआर३’ मिळतं. त्याचा अर्थ ‘आत्ता नाही’ इतकाच, बिघाड नव्हे. थोडं थांबून पुन्हा विचारायचं.

इनपुटसाठी ‘%१आयएनपीटी’. डिजिटल इनपुट ३ ने सुरू होतात, पण एचडीएमआय एक म्हणजे ३१ की ३२ हे मॉडेलवर ठरतं. म्हणून आधी ‘%१आयएनएसटी ?’ विचारून त्या प्रोजेक्टरकडे कुठले इनपुट आहेत ती यादी घ्या आणि एक्सेलमध्ये लिहून ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे या एका आज्ञेने मिटतात.

माझी सगळ्यात आवडती आज्ञा ‘%१ईआरएसटी ?’. उत्तरात सहा आकडे येतात, क्रमाने पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर. ० म्हणजे तक्रार नाही, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे बिघाड. समजा ‘००१०१०’ आलं. तापमानाचा इशारा आहे, फिल्टरचाही आहे, पंख्याची मात्र तक्रार नाही. म्हणजे पंखा बिचारा फिरतोय, फिल्टर तुंबलाय, हवा आत येत नाही आणि मशीन तापतंय. आमच्याकडे हे बहुतेक रस्त्याकडच्या खोल्यांत होतं, कारण समोरची जुनी चाळ पाडून टॉवर चाललाय आणि खिडक्या बंद ठेवल्या तरी सिमेंटची धूळ आत येतेच. अशा वेळी सर्व्हिसवाल्याला न बोलावता फिल्टर काढायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि परत लावायचा. इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टर सहसा पाण्याने धुवायचे नसतात, मॅन्युअल बघून घ्या. साफ केल्यावर मेनूतून फिल्टरचे तास शून्यावर आणा, नाहीतर इशारा तसाच राहतो.

या सहा आकड्यांत एक मेख आहे. ० चा अर्थ ‘सगळं ठीक’ असाही होतो आणि ‘हे तपासायची सोयच माझ्यात नाही’ असाही. नियमांतच तसं लिहिलंय. स्वस्त मॉडेल फिल्टर काळाकुट्ट झाला तरी तिथे निवांत ० दाखवत बसेल. म्हणून नवीन प्रोजेक्टर आला की मी चाचणी म्हणून फिल्टरचं झाकण उघडून बघतो, काही आकडा बदलतो का. नाही बदलला तर त्या खोलीचा फिल्टर कॅलेंडरवर जातो.

‘%१एलएएमपी ?’ दिव्याचे तास सांगतं. दिवा नसलेल्या लेझर प्रोजेक्टरवर कधीकधी ‘ईआरआर१’ येतं, घाबरू नका. दिव्याचे प्रोजेक्टर साधारण ३,००० ते ५,००० तासांचे, लेझर २०,००० च्या आसपास. परीक्षेनंतरच्या सुट्टीत दिवे मागवायचे तर हा रकाना आधी बघायचा.

हे सगळं एका छोट्या पायथॉन स्क्रिप्टमध्ये बसतं. दर सेकंदाला विचारत बसू नका, पाच मिनिटांनी एकदा पुरे. काम झालं की जोडणी बंद करा. अनेक प्रोजेक्टर एका वेळी एकच जोडणी घेतात. तुमची स्क्रिप्ट लाइन अडवून बसली तर दुसऱ्याला उत्तर मिळत नाही. पीजेलिंकच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे क्लास २ मध्ये, बिघाड झाला की प्रोजेक्टर आपणहून कळवतो आणि सिग्नल येतोय की नाही हेही विचारता येतं. ज्यांच्याकडे ती सोय आहे, तिथे ती चालू करा.

रात्री ९ ला सगळं बंद करणारं टायमर जरूर लावा, पण सभागृह त्यातून वगळा. एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की तिथे उशिरापर्यंत तालमी चालतात, आणि ऐन प्रवेशात मागचा पडदा विझला तर दिग्दर्शक पोरगं आपल्याला जन्मभर विसरत नाही.

घरून करायचं तर

जुलैत दुपारीच सुट्टी जाहीर होते, सगळे गाडी पकडायला धावतात आणि निम्म्या वर्गांत प्रोजेक्टर तसेच जळत राहतात. कुर्ला-सायनच्या मध्ये गाडी थांबलेली असताना फोनवरून ते बंद करता येतात, पण व्हीपीएनमधूनच, म्हणजे कॉलेजच्या नेटवर्कपर्यंत जाणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेनेच. राउटरवर पोर्ट ४३५२ किंवा प्रोजेक्टरचं वेबपान बाहेरच्या इंटरनेटला उघडून देऊ नका. पीजेलिंकमध्ये एमडी५ फक्त पासवर्ड झाकतो. आज्ञा उघड्याच जातात. आमच्याकडे कॉलेजातला एक जुना पीसी कायम चालू असतो, स्क्रिप्ट त्याच्यावर चालते. मी बाहेरून व्हीपीएनने फक्त त्याच्यापर्यंत पोहोचतो, प्रोजेक्टरशी बोलतो तो. पीसी यूपीएसवर ठेवा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या मेनूत) ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ करून घ्या.

ज्यांना लॅनच नाही पण मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट आहे, असे जुने प्रोजेक्टर सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर लावून जोडता येतात. त्यांना पीजेलिंक येत नाही; आज्ञा कंपनीच्या स्वतःच्या असतात आणि मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर सापडतात. दिवा संपत आलेला असेल तर मात्र त्यावर कन्व्हर्टरचे पैसे घालू नका.