बेज रंग निवडताना आधी फरशीकडे पाहा

क्रीम, बेज, बिस्किटी, मोतिया, चंदनी हे सगळे रंग शेडकार्डावर सख्खी भावंडं वाटतात. भिंतीवर चढले की मात्र एक पिवळा पडतो, दुसरा गुलाबी होतो आणि तिसरा नवा असूनही मळका दिसतो. प्रत्येक फिक्या रंगात पिवळी, गुलाबी, हिरवट किंवा राखाडी अशी एक झाक लपलेली असते. ती ओळखायची तर शेडकार्डावरच्या त्याच पट्टीतला सर्वांत गडद चौकोन पाहा. वरचा फिका रंग बहुधा त्याच कुळातला असतो. तो गडद चौकोन विटकरी असेल, तर फिका बेज घरात गुलाबीच दिसणार. तुलनेसाठी झेरॉक्सचा कागद मात्र वापरू नका. त्यात निळसर चमक असते आणि तिच्या शेजारी कुठलाही क्रीम आहे त्याहून पिवळा भासतो. त्यापेक्षा तीन-चार बेज शेजारी शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो.

भिंत पुन्हा रंगवता येते, फरशी सहसा बदलत नाही. म्हणून शेडकार्ड फरशीवर आडवं ठेवून पाहा. मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमध्ये हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल असते. तिच्यावर तितकाच पिवळा क्रीम दिला की सगळी खोली पिवळट होते. इथे किंचित राखाडी झाक असलेला बेज हवा. कोटा फरशी हिरवट असते, त्यामुळे तिच्याशेजारी गुलाबी बेज विटका दिसतो. ओटमीलसारखा किंवा फिका खाकी छान बसतो. जुन्या इमारतींतल्या मोझॅक टाइलमध्ये रंगीत खडी असते. त्यातल्या सर्वांत फिक्या खड्याचा रंग उचला, जुळवणी आपोआप होते. कपाटांना लालसर सागवानी सनमायका असेल तर गुलाबी झाक टाळा, नाहीतर अख्खी खोली तांबूस वाटते.

यानंतर उजेड. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड असतो, तिथे पिवळसर झाक खपून जाते, किंबहुना हवीच असते. पश्चिमेच्या खोलीत चारनंतरचं ऊन भिंत केशरी करतं, तिथे राखाडी झाक घ्या. मुंबईत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे समोरची इमारत. ती दहा-पंधरा फुटांवर असेल तर तुमच्या खोलीत तिच्याच भिंतीचा रंग परावर्तित होऊन येतो. आणि सोसायटीच्या दुरुस्तीसाठी इमारतीला हिरवी जाळी लावलेली असेल, तर जाळी उतरेपर्यंत रंग ठरवूच नका.

रात्रीचे दिवेही तितकेच महत्त्वाचे. दिव्याच्या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा. 6500 केल्विनची पांढरी ट्यूब उबदार रंगाची ऊब काढून घेते. बैठकीच्या खोलीत 3000 आणि स्वयंपाकघरात 4000 केल्विनचे दिवे बरे. दिवे बदलायचे असतील तर रंग ठरवण्याआधी बदला.

नमुना थेट जुन्या भिंतीवर मारू नका, कारण भोवतालचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. दोन फूट लांबीरुंदीच्या जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर नमुन्याच्या डब्यातला रंग दोन हात द्या, मधे चार तास वाळू द्या. ओल्या रंगावरून निर्णय नको, बहुतेक इमल्शन (पाण्यात मिसळणारे भिंतीचे रंग) वाळल्यावर किंचित गडद होतात. पुठ्ठा आधी खिडकीसमोरच्या भिंतीला आणि मग खिडकीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टेकवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लावून पाहा. चारही भिंतींवर चढल्यावर रंग एकमेकांवर परावर्तित होऊन गडद वाटतो, म्हणून दोन छटांत घोळ होत असेल तर फिकी घ्या.

छताला निळसर झळाळीचा पांढरा दिला तर खालचा बेज मळका दिसतो. भिंतीच्याच शेडचा पाव टिंट, म्हणजे रंगद्रव्य एक चतुर्थांश घातलेला फिका रंग, छताला घ्या, किंवा किंचित पिवळसर पांढरा द्या. तीन भिंती फिक्या आणि सोफ्यामागची एक त्याच पट्टीवरची दोन-तीन घरं गडद, ही जोडी सहसा चुकत नाही. कुशन-पडद्यांसाठी गेरू, मेंदी किंवा गडद निळा घ्या. यातला एकच पुरे.

भिंत लांबी (पुट्टी) भरून घासूनही उंचसखल असेल तर चकचकीत फिनिश घेऊ नका, खिडकीच्या तिरक्या उजेडात प्रत्येक लाट दिसते. बैठकीच्या खोलीला मॅट आणि हात लागतात त्या पॅसेजला धुता येणारं किंचित चमकदार फिनिश द्या.

फिक्या रंगावर ओलीचे तपकिरी डाग लगेच उठतात. फूटभर प्लास्टिक चारही कडांना टेप लावून दिवसभर भिंतीला चिकटवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर आधी गळती शोधा. जून ते सप्टेंबर काम टाळता आलं तर टाळाच.

आता हिशोब. 10 बाय 12 ची, 9 फूट उंच खोली म्हणजे 44 गुणिले 9, अर्थात 396 चौरस फूट. दार-खिडकीचे 37 वजा केले की सुमारे 360 उरतात. डब्यावर दोन हातांसाठी दिलेल्या क्षेत्रफळाने याला भागा आणि दहा टक्के जास्त घ्या. सगळे डबे एकदमच टिंट करून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर डबा बदलला की भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. शेड नंबर, रंगाचं नाव आणि बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) हे तिन्ही लिहून ठेवा. तोच नंबर दुसऱ्या बेसमध्ये वेगळा उतरतो.