गळाची काठी बांधताना पुसायला काय वापरावं आणि काय नको

ब्लँक (काठीचा नुसता दांडा), गाइड (दोरी ज्यातून जाते त्या पायवाल्या कड्या), रील सीट (रील बसवायची जागा), ग्रिप (मूठ) आणि गाइड दांड्याला बांधायचा धागा तयार आहे असं धरून सुरुवात करतो.

‘थिनरनं पुसून घे’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर म्हणजे टोल्यूइनसारख्या द्रवांचं मिश्रण असतं आणि त्याचं प्रमाण ब्रँडगणिक बदलतं. ते ब्लँकवरचा रंग उचलतं, रील सीटचं पॉलिश घालवतं आणि त्याच्या वाफेनं डोकं गरगरतं. टर्पेंटाइन तेलकट थर मागे ठेवतं. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि ते कातडीतूनही अंगात जातं.

जवळजवळ सगळ्या कामाला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, पुरतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं. ७० टक्केवालं नको, उरलेलं पाणी एपॉक्सीला (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, ते ग्रिपखाली गोंद म्हणून आणि धाग्यावर फिनिश म्हणून लावतात) मानवत नाही. सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यातलं ग्लिसरीन पृष्ठभागावर तसंच राहतं.

ॲसिटोन फक्त गाइडच्या धातूच्या पायांना, तेही न बसवलेल्या. गाइड त्यात बुडवू नका, रिंग धरून ठेवणारा गोंद सुटू शकतो. रंगवलेला ब्लँक, रील सीट आणि ईव्हीए (फोमची) ग्रिप यांच्या जवळ ॲसिटोन आणूच नका.

काम बिघडतं ते एपॉक्सी लावण्याआधीच्या शेवटच्या पुसण्यात. नीट पुसलं तरी फिनिशमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि मग दोष एपॉक्सीला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण फडक्यात असतं. आयपीए तेल विरघळवतं, पण उचलत नाही. ओल्या फडक्यानं पुसून ब्लँक आपोआप वाळू दिला, की विरघळलेलं तेल पातळ थर होऊन तिथेच बसतं. म्हणून दोन फडकी लागतात. एक आयपीएनं ओलसर, टपकणारं नव्हे. दुसरं कोरडं, आणि ते पहिल्याच्या मागोमाग, ब्लँक ओला असतानाच फिरवायचं. एका वेळी वीतभर भाग, एकाच दिशेनं, फडक्याची घडी दरवेळी बदलून. फडकं जुन्या सुती बनियनचं चालेल, पण फॅब्रिक सॉफ्टनर न लावता धुतलेलं हवं. सिलिकॉन स्प्रे मारलेली रील त्याच टेबलावर ठेवू नका. सिलिकॉनचा अंशही खड्डे पाडायला पुरेसा असतो.

कोकणातल्या पावसाळ्यात ॲसिटोन आणखी एक घोटाळा करतं. ते इतक्या वेगानं उडतं की पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर साचतो. डोळ्यांना दिसत नाही, फिनिश मात्र धुरकट होतं. आयपीए सावकाश उडतं. तरीही पुसल्यावर १५ मिनिटं थांबा आणि त्यानंतर ब्लँकला उघड्या बोटानं हात लावू नका.

ग्रिपखाली घासून खरखरीत केलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाकून बघा. पाणी पसरलं तर जागा स्वच्छ. गोळा होऊन बसलं तर पुन्हा पुसा. थेंब टिपून भाग पूर्ण वाळवल्याशिवाय गोंद लावू नका.

गुंडाळलेल्या धाग्यावर सॉल्व्हंट फिरवू नका. कलर प्रिझर्व्हर (धाग्याचा रंग टिकवणारं द्रव) लावलं असेल तर ते मऊ पडतं आणि मार्करची खूण पसरते. धागा गुंडाळतानाच हात स्वच्छ ठेवा.

ग्रिपमधून बाहेर आलेला एपॉक्सी आधी कोरड्या कागदानं, मग आयपीएनं ओलसर फडक्यानं पुसा. फडकं निथळत असेल तर आयपीए सांध्यात झिरपून गोंद कमजोर करतं. ग्रिप कॉर्कची असेल तर तिच्यावर आधीच मास्किंग टेप लावा.

फिनिशमधले बुडबुडे घालवायला स्पिरिटचा दिवा वापरत असाल तर त्या खोलीत आयपीएची उघडी वाटी किंवा ओलं फडकं नको. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. ती हवेपेक्षा जड असल्यानं टेबलावरून खाली सरपटते, त्यामुळे वरची खिडकी एवढीच वाट पुरेशी नाही, दारही उघडं ठेवा.

आयपीएला नायट्राइलचे हातमोजे चालतात. ॲसिटोन मात्र ते काही मिनिटांत पार करतं, म्हणून गाइडचे पाय उरकले की मोजे बदला. कच्चा एपॉक्सी हाताला लागला तर साबण-पाणी. सॉल्व्हंटनं तो कातडीत खोल जातो, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे एपॉक्सीचं काम सोडावं लागू शकतं.

जुन्या काठीचं फिनिश काढायला पेंट रिमूव्हर वापरू नका. अनेक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. ते ब्लँकमधलं रेझिनही खातं. अमेरिकेनं २०१९ मध्ये असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकायला बंदी घातली ती माणसं दगावल्यामुळे. हेअर ड्रायरनं गरम करा, गाइडच्या पायावर पात्यानं उभा छेद द्या आणि धागा ओढून काढा. छेद धातूवरच, ब्लँकवर नाही.