स्लर्म बसवताना या चुका टाळा

कॉलेजच्या लॅबमधली चार-सहा जुनी मशीन जोडून क्लस्टर उभा करणारी मुलं आता रत्नागिरी-सावंतवाडीकडेही भेटतात. त्यांची तक्रार ठरलेली: "सर, स्लर्म चालत नाही." स्लर्म म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनांना कामं (जॉब) वाटून देणारं सॉफ्टवेअर. बहुतेक वेळा स्लर्म ठणठणीत असतो, मशीनंच एकमेकांना ओळखत नसतात.

सगळ्यात जास्त घोळ यूआयडीचा, म्हणजे लिनक्स प्रत्येक युजरला देतो त्या नंबरचा. बऱ्याच डिस्ट्रोंवर पॅकेज थेट टाकलं की स्लर्म आणि मंज (मशीनांची एकमेकांना ओळख पटवणारी सेवा) या युजरना मिळेल तो मोकळा नंबर मिळतो. एका मशीनवर 991, शेजारच्यावर 988. लिनक्स तर नंबर बघतो, नाव नाही. विद्यार्थ्यांच्या खात्यांचंही तेच. कंट्रोलरवर (कामं वाटणाऱ्या मुख्य मशीनवर) 1003 म्हणजे सायली आणि नोडवर (कामं करणाऱ्या मशीनवर) 1003 म्हणजे ओंकार असेल, तर सायलीचा जॉब एक तर पडतो, नाहीतर ओंकारच्या फायलींत हात घालतो. म्हणून पॅकेज टाकण्याआधी सगळीकडे तेच नंबर देऊन युजर तयार करा. नंतर नंबर बदलायचा म्हणजे प्रत्येक फोल्डरची मालकी बदलत बसा.

मंजची की (गुप्त किल्लीची फाइल) एकाच मशीनवर बनवा आणि तीच सगळीकडे न्या. मालक मंज, परवानगी 0400, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी.

आता घड्याळ. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, यूपीएस मान टाकतो, आणि घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी संपलेलं मशीन जागं होतं ते भलत्याच तारखेला. मंजचं क्रेडेन्शियल (ओळखपत्र) मुळात 300 सेकंदच चालतं. लॉगमध्ये 'एक्स्पायर्ड' किंवा 'रिवाउंड' क्रेडेन्शियल दिसलं, तर मंजची की बदलू नका, आधी तारीख बघा. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका: क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम कंट्रोलरवर लावा आणि नोडना त्याच्याकडून वेळ घ्यायला सांगा.

नेटवर्कमध्ये राउटरने वाटलेले आयपी नकोत, स्थिर पत्ते द्या. उबंटू होस्ट्स फायलीत (मशीनची नावं आणि पत्ते यांच्या यादीत) स्वतःचं नाव 127.0.1.1 या 'मी स्वतः' अशा अर्थाच्या पत्त्यासमोर लिहून ठेवतो. कंट्रोलरची ती फाइल तशीच नोडवर कॉपी केली, तर नोड कंट्रोलरला स्वतःतच शोधत बसतो! स्लर्मच्या कॉन्फिगमधलं नोडचं नाव त्या मशीनच्या छोट्या होस्टनेमशी अक्षरशः जुळायला हवं.

फायरवॉलमध्ये कंट्रोलरचा 6817 आणि नोडचा 6818 हे पोर्ट उघडून काम संपत नाही. एसबॅच (जॉब रांगेत टाकणारी कमांड) चालतो आणि एसरन (जॉब समोरच चालवणारी कमांड) लटकतो, तेव्हा समजा की नोडला एसरन चालवलेल्या मशीनकडे उलट जोडणी करता येत नाहीये. त्यासाठी कॉन्फिगमध्ये एसरन-पोर्ट-रेंज ठरवून तेवढे पोर्ट मोकळे करा.

एवढं करूनही लाइट आल्यावर नोड 'डाउन'च दिसेल. अचानक रीबूट झालेल्या नोडला स्लर्म आपणहून परत घेत नाही. एस-कंट्रोल या कमांडने त्याला 'रिझ्यूम' करा, किंवा कॉन्फिगमध्ये रिटर्न-टू-सर्व्हिस 2 ठेवा, म्हणजे नोड आपोआप परत येतो. जिथे रोज लाइट जाते तिथे मी 2 च ठेवायला सांगतो.