पाजताना झोप नाही आणि छातीत धडधड: माझा अनुभव

बाळ तीन महिन्यांचं. रात्री पाजून आडवी झाले की धडधड, नाडी 110. ईसीजी नॉर्मल. चहा कमी केला, प्राणायाम केला, फरक शून्य. ‘बाळंतिणीला होतंच’ ऐकून वीट आला.

कोथरूडला डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो) आणि हिमोग्लोबिन तपासलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे रक्त कमी; धडधड त्यामुळेच. लोहाची गोळी चालू होती की! पण कॅल्शियमसोबत, वर चहा. अंगी लागणार कशी?

मग सकाळी उपाशीपोटी लोह, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तासांनी. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. दहाला दूध काढून फ्रिजमध्ये. रात्री एक वाजताचं पाजणं नवऱ्याकडे, मला सलग पाच तास झोप. (छातीत दुखलं, भोवळ आली तर थांबू नका, थेट दवाखाना.) सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन 10.8, नाडी 82.