वाळूतली लिची, दुसऱ्या खेपेला

आमच्या फ्लोरिडातल्या परसात माती अशी नाहीच, नुसती करडी वाळू. बादलीभर पाणी ओतलं की बघता बघता गडप. पहिली लिची मी गावी आंबा लावतात तशी लावली: खोल खड्डा, तळाशी भरपूर शेणखत. तेही अर्धकच्चं! पानांच्या कडा करपल्या. खत कुजून बसलं तसं झाड वीतभर खाली गेलं, बुंधा वाळूत गाडला गेला आणि ते गेलंच.

दुसरं ‘मॉरिशस’ जातीचं गुटीकलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) खड्ड्यात काहीही न मिसळता जरा उंचवट्यावर लावलं. मित्राच्या जुन्या लिचीखालची दोन घमेली माती भोवती पसरली. मुळांना साथ देणारी बुरशी तिच्यातून येते. झाडं छाटणाऱ्यांकडून लाकडाच्या चिपा फुकट मिळाल्या. त्यांचा अर्धा वीत थर दिला, खोडापासून चार बोटं सोडून. पाणी दिवसाआड, थोडं थोडं. लिचीची मुळं वरवरच पसरतात, म्हणून खुरपं बंद.

वर्षभराने चिपा उकरून पाहिल्या. खाली काळसर, ओलसर थर, पांढऱ्या धाग्यांनी विणलेला. वर तांबूस पालवी. फळाला अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील. बायको मात्र आत्ताच पक्ष्यांसाठी जाळी शोधतेय.