टोकन देण्याआधी एक मेसेज

जुना फ्लॅट घेताना टोकन दिलं की आपण म्हणतो, ‘अजून काही पक्कं नाही.’ पण किंमत ठरली आणि समोरच्याने बिनशर्त होकार दिला की कराराला सुरुवात झालेली असू शकते, मग तो होकार व्हॉट्सअ‍ॅपवरचा का असेना. वाद पुढे टोकन परत मागताना होतो.

म्हणून पैसे पाठवण्याआधी मालकाला (एजंटला नव्हे) हे एकाच मेसेजात लिहा:

१. फ्लॅट नंबर, एकूण किंमत, टोकनची रक्कम.
२. किमतीत काय काय आलं: पार्किंग, गीझर, सोसायटीची थकबाकी कोण भरणार.
३. करारनाम्याची तारीख.
४. ‘बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन सात दिवसांत पूर्ण परत.’

‘मान्य’ असं उत्तर आलं की मगच पैसे पाठवा. ‘मान्य, पण पार्किंगचे दोन लाख वेगळे’ असं आलं तर तो होकार नाही, नवा प्रस्ताव आहे. दुरुस्त मेसेज पुन्हा पाठवा. माझ्या मावसभावाने नुसता अंगठा पाठवला होता. त्या दोन लाखांवर महिनाभर घासाघीस चालली.

पैसे बँकेतूनच द्या. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेत असाल, तर नोंदणीकृत करारनाम्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

आणि हो, मालकी या मेसेजाने मिळत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच.